भिजलेली धूळ

सकाळच्या वेळीं खोलीचें दार लोटून घेतलें आणि एखाद्या फटींतून उन्हाचा कवडसा आंत आला, म्हणजे त्या प्रकाशाच्या पट्ट्यांत असंख्य कण तरंगतांना दिसतात. लहानपणीं ही गंमत पाहण्यांत आपण सर्वांनींच वेळ घालविला असेल. कवडसा सरकला कीं कण दिसेनासे होतात; पण ते गेलेले नसतात. हवा आधीं जशी होती तशीच असते, आपली दृष्टि मात्र अपुरी पडते. आज ज्या यंत्राची हकीकत मी सांगणार आहें, तिचें सारें मर्म या एका अनुभवांत सांठविलेलें आहे.

तें यंत्र म्हणजे ओढलेली धूळ पाण्यांत बुडविणारा व्हॅक्यूम क्लीनर. पन्नास-साठ वर्षांपूर्वींचीं अशीं यंत्रें हौसेनें जमविणारे, त्यांची डागडुजी करणारे आणि तीं कपाटांत न ठेवतां रोज वापरणारे लोक अमेरिकेंत व युरोपांत आहेत. जुनीं नाणीं किंवा जुनीं घड्याळें जमविणें आपण समजूं शकतों. पण केर काढण्याचें यंत्र कोणी प्रेमानें कां जपावें, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर या यंत्राच्या इतिहासांत आहे, आणि त्या उत्तरांत एक सावधगिरीची सूचनाही आहे.

अंगण झाडण्यापूर्वीं त्यावर पाण्याचा शिडकावा करावा, हें आपल्याकडे कोणाला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. कोरडी धूळ केरसुणीच्या फटकाऱ्यासरशी उडते आणि घटकाभरानें पुन्हां तेथेंच येऊन बसते. भिजलेली धूळ उडत नाहीं. परंतु जें अंगणाला चालतें तें गालिच्याला चालत नाहीं. थंड मुलुखांत घरांच्या जमिनी जाड लोकरी गालिच्यांनीं झांकलेल्या असत. त्यांत मुरलेली धूळ झाडूनें नुसती वर येई, आणि पाणी टाकावें तर गालिचा कुजे. तेव्हां धूळ भिजवावी, पण गालिचा भिजवूं नये, असा हा पेंच होता.

हा पेंच सोडविण्याचा एक प्रयत्न विजेची मोटार घरांत येण्याच्या कितीतरी आधींचा आहे. १८६० सालीं अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील डॅनियल हेस यांनीं गालिचा झाडण्याच्या एका यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत फिरता ब्रश होता, हवा ओढणारा भाता होता, आणि ओढलेली बारीक धूळ धरून ठेवण्यासाठीं पाण्याचे कप्पे होते. म्हणजे धूळ हवेबरोबर ओढावी आणि पाण्याच्या स्वाधीन करावी, ही कल्पना या यंत्रांच्या वंशावळींत अगदीं आरंभींची आहे. पुढच्या काळांतील कोणा चतुर विक्रेत्याची ती युक्ति नव्हे.

यानंतर दहा वर्षांनीं, १८७० च्या जानेवारींत, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडल या शास्त्रज्ञांनीं धूळ आणि रोग या विषयावर एक गाजलेलें व्याख्यान दिलें. त्यांनीं केलें तें आपल्या कवडशाचेंच शास्त्र. काळोख्या सभागृहांत प्रखर प्रकाशाचा झोत टाकून स्वच्छ समजली जाणारी हवा किती कणांनीं भरलेली असते, हें त्यांनीं श्रोत्यांना डोळ्यांनीं पाहावयास लावलें. हवा कापसांतून गाळून घेतली कीं त्याच झोतांत काळोख दिसे, कारण प्रकाश परतविण्यास तिच्यांत कण उरलेले नसत. हवा शुद्ध आहे कीं नाहीं, हें काय पकडलें यावरून ठरवावयाचें नसून काय शिल्लक राहिलें यावरून ठरवावयाचें, हा धडा त्या दिवशीं मिळाला. पुढील शंभर वर्षांत धूळ ओढणारीं यंत्रें करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना तो वारंवार विसरावयास झाला.

आतां १९०१ सालच्या लंडनकडे वळूं. ह्यूबर्ट सेसिल बूथ हे पुलांचे आणि प्रचंड फिरत्या पाळण्यांचे आराखडे करणारे इंजिनियर होते. एका नाट्यगृहांत त्यांनीं धूळ फुंकून उडविणाऱ्या यंत्राचें प्रात्यक्षिक पाहिलें. फुंकण्याऐवजीं ओढून कां घेत नाहीं, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां तें अशक्य आहे असें उत्तर मिळालें. बूथ यांनीं व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहांत खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून जोरानें हवा ओढली. ते घुसमटले; परंतु कल्पना खरी ठरली! त्यांचें यंत्र एवढें अवजड होतें कीं तें घोड्यांच्या गाडीवरून घरासमोर आणीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून आंत सोडीत. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबीमधील गालिचे याच यंत्रानें स्वच्छ केले. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत क्रिस्टल पॅलेसमध्यें राहणाऱ्या नौसैनिकांत रोग पसरला, तेव्हां बूथ यांच्या यंत्रांनीं तेथून २६ टन धूळ बाहेर काढली, असें सांगतात.

या हकीकतींतील एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बूथ यांच्या नळ्यांचा कांहीं भाग पारदर्शक असे. श्रीमंत घरांतील स्त्रिया चहाला मैत्रिणींना बोलावीत आणि आपल्याच दिवाणखान्यांतील धूळ नळींतून धांवतांना सर्वांनीं पाहावी, अशी व्यवस्था करीत. धूळ जाते एवढें पुरेसें नव्हतें; ती जातांना दिसली पाहिजे, ही हौस यंत्राबरोबरच जन्मास आली.

घोड्यांच्या गाडीवरचें हें यंत्र एका माणसाच्या हातीं कसें आलें, ती कथा अमेरिकेंतील आहे. ओहायो राज्यांतील कँटन शहरीं जेम्स मरे स्पँग्लर हे एका मोठ्या दुकानांत झाडलोटीचें काम करीत. त्यांना दम्याचा विकार होता आणि झाडतांना उडणारी धूळ त्यांना सोसवत नसे. १९०७ सालीं त्यांनीं विजेचा पंखा, एक खोकें, झाडूची काठी आणि उशीचा अभ्रा एवढ्या साहित्यावर हातांत धरण्याजोगें यंत्र जुळविलें. १९०८ सालीं त्याचें पेटंट मिळालें. कातड्याच्या मालाचे कारखानदार विल्यम हूवर यांनीं तें विकत घेतलें, आणि हूवर हें नांव इंग्रजी भाषेंत या यंत्राचा पर्याय होऊन बसलें. केर काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या छातीच्या दुखण्यांतून हें यंत्र निघालें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. परंतु उशीचा अभ्रा हें शेवटीं कापडच. मोठा केर आंत राही, आणि अगदीं बारीक धूळ विणीच्या छिद्रांतून पुन्हां खोलींत येई. जी धूळ छातीला बाधते ती नेमकी ही दुसरी.

त्याच काळांत मोठ्या इमारतींतून तळघरांत एकच पंप बसवून भिंतींतील नळांवाटे सर्व मजल्यांची धूळ ओढण्याची पद्धति निघाली. न्यू जर्सींतील डेव्हिड केनी यांनीं १९०२ सालीं पिट्सबर्गच्या फ्रिक इमारतींत अशी व्यवस्था बसविली. या पद्धतीच्या अनेक यंत्रांत कोरड्या टाकीनंतर पाण्याची दुसरी टाकी ठेवीत, आणि हवा तिच्यांतून जाऊं देत. येथें पाणी ठेविलें तें माणसाच्या फुप्फुसासाठीं नव्हे, तर पंपासाठीं! कोरड्या टाकींतून निसटलेली वाळूसारखी धूळ पंपाचे भाग झिजवी. ती पाण्यानें अडविली कीं पंपाचें आयुष्य वाढे. तेवढ्या कामाला पाणी उत्तम होतें, आणि तेवढाच त्याचा दावाही होता.

घरगुती यंत्रांत पाणी खऱ्या अर्थानें आलें तें १९३० नंतरच्या दशकांत. न्यूकम्ब सेपरेटर या नांवाची एक योजना तेव्हां अमेरिकेंत पुढें आली आणि तिच्यावर आधारलेलीं रेक्सएअर नांवाचीं यंत्रें घरोघर विकलीं जाऊं लागलीं. १९५० नंतरच्या दशकांत त्याच घराण्याच्या यंत्रांना रेनबो हें नांव मिळालें. पुढें मिशिगन राज्यांतील कॅडिलॅक या गांवीं त्यांचा कारखाना चालला. जुनीं यंत्रें जमविणारे ज्यांच्या मागें असतात तीं प्रामुख्यानें हींच.

यांची रचना सोपी आहे. खालीं सुमारे दोन लिटर पाण्याचें भांडें आणि वर मोटार. नळींतून आलेली हवा पाण्यावर आपटते आणि घुसळली जाते. केस, वाळू, तंतू आणि धुळीचा बराच भाग भिजून पाण्यांत राहतो. पण ही घुसळलेली ओली हवा तशीच वर गेली तर मोटारींत पाणी शिरेल. म्हणून मोटारीच्या दांड्याला खालून उभ्या फटी असलेला एक लहानसा प्याला बसविलेला असतो आणि तो मोटारीच्या वेगानें फिरतो. याचेंच नांव सेपरेटर. हवा त्याच्या फटींतून आंत शिरूं शकते. हवेपेक्षां जड असे पाण्याचे थेंब व भिजलेली धूळ मात्र बाहेर भिरकावली जाते. दुधांतून साय वेगळी काढणाऱ्या यंत्रांत जें तत्त्व आहे, तेंच येथें वेगळ्या कामाला लावलें आहे. येथें पिशवी नाहीं, त्यामुळें ती भरत आली म्हणजे ओढ कमी होणें हा पिशवीच्या यंत्राचा दोषही नाहीं.

आणि काम संपल्यावर तें भांडें उघडावयाचें! विक्रेत्याचें सारें वक्तृत्व त्या क्षणासाठीं राखून ठेविलेलें असे. सकाळींच झाडलेल्या गालिच्यावरून यंत्र फिरवावयाचें आणि मग गृहिणीसमोर तें काळें, गढूळ पाणी धरावयाचें. यापुढें बोलण्याची गरजच उरत नसे. बूथ यांच्या पारदर्शक नळीचाच हा पुढचा अवतार होय. भिजलेली धूळ उडत नाहीं, हें विक्रेत्याचें वाक्यही खोटें नव्हतें. प्रश्न निराळाच होता: सारी धूळ भिजते काय?

त्याचें उत्तर देण्यास प्रयोगशाळेची जरुरी नाहीं. आपल्याकडील हुक्का पुरेसा आहे. हुक्क्यांत धूर पाण्यांतूनच बुडबुडत वर येतो. पाणी जर सगळे सूक्ष्म कण पकडीत असतें, तर हुक्का ओढणाऱ्याच्या तोंडीं धूर आलाच नसता. तो येतो, कारण बुडबुड्याच्या मध्यभागीं असलेला कण पाण्याला शिवतच नाहीं. बुडबुडा फुटला कीं तो आला तसा वर निघून जातो. तेलकट कण तर पाण्याला शिवूनही सहजासहजीं भिजत नाहींत. धूळ पाण्यांत खूप घुसळली, बुडबुडे लहान केले, म्हणजे पकड सुधारते. ती पुरी होत नाहीं. जड धूळ पाणी फार चांगली धरतें. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे एक मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूळ असेल, तर पाण्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

असे सूक्ष्म कण अडविण्याचा खरा उपाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अणुबाँबच्या कामांतून आला. किरणोत्सर्गी धूळ बाहेर जाऊं नये म्हणून अतिसूक्ष्म तंतूंच्या दाट गाळण्या करण्यांत आल्या. पुढें त्यांना हेपा हें नांव पडलें. ०.३ मायक्रॉनच्या दहा हजार कणांपैकीं निदान ९,९९७ कण अडविणें ही त्यांची कसोटी. पाण्याच्या यंत्रांच्या अलीकडच्या नमुन्यांत हवा बाहेर पडण्याच्या वाटेवर अशी गाळणी बसविलेली असते. पाण्यानें जें साधत नव्हतें त्याची ही न बोलतां दिलेली कबुलीच म्हणावयाची.

माझे एक स्नेही बरींच वर्षें अमेरिकेंत नोकरी करून पुण्यास परत आले. येतांना त्यांनीं पाण्याच्या भांड्याचें एक जुनें यंत्र बरोबर आणलें. कोणत्या कारखान्याचें हें सांगण्याचें कारण नाहीं. वहिनींना दमा आहे, आणि या यंत्रानें घरांतील धूळ नाहींशी होऊन त्यांना आराम पडेल, असा त्यांचा दृढ विश्वास होता. दर रविवारीं केर काढून झाला कीं ते काळें पाणी मोठ्या अभिमानानें सर्वांना दाखवीत. वहिनींना मात्र त्याच दिवशीं दुपारीं खोकल्याची उबळ येई. एके दिवशीं मी तेथें असतांना वहिनी शांतपणें म्हणाल्या, “अहो, पाण्यांत आलें तें दिसलें. पण जें आलें नाहीं, तें कोठें गेलें?”

स्नेही कांहीं बोलले नाहींत. पण माणूस प्रामाणिक. त्याच संध्याकाळीं खोलींत काळोख करून त्यांनीं यंत्र चालू केलें आणि जेथून हवा बाहेर पडते तेथें विजेरीचा झोत धरला. झोतांत कण नाचत होते. त्यांतले कांहीं पाण्याचे तुषार असतील, असा एक संशय होता. म्हणून मग यंत्र स्वच्छ जमिनीवर आणि नंतर धुळीच्या गालिच्यावर असें दोनदां चालवून पाहिलें. गालिच्यावर झोत स्पष्टपणें दाट झाला. पुढें यंत्र उघडलें, तेव्हां भांडें आणि मोटार यांच्यामधील रबरी कडें वयानें कडक होऊन तडकलेलें आढळलें. कांहीं हवा पाण्याला न भेटतांच वर जात होती. कडें बदलल्यावर पुष्कळ फरक पडला. झोत पूर्ण निर्मळ मात्र झाला नाहीं. तेव्हांपासून त्या घरीं केर काढतांना खिडक्या उघड्या असतात, यंत्र स्नेही स्वतः चालवितात, आणि तासभर वहिनी दुसऱ्या खोलींत बसतात. यंत्र अजून आहे. त्याच्यावरचा विश्वास आतां आंधळा राहिलेला नाहीं, एवढेंच.

ही हकीकत मी यंत्राची निंदा करण्यासाठीं सांगितली नाहीं. जुनें यंत्र वापरावयाचें म्हणजे काय, हें तीवरून कळतें. ज्यांना अशी हौस असेल त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अमेरिकेंतील यंत्र तेथील सुमारे ११० ते १२० व्होल्टच्या विजेसाठीं केलेलें असतें. आपल्या २३० व्होल्टवर तें सरळ जोडलें तर क्षणांत जळेल. त्याच्या वॅटला पुरून उरेल असा व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर पाहिजे. जुन्या वायरीचें रबर ठिसूळ झालेलें असतें, आणि येथें तर पाणी आणि वीज शेजारीं नांदत असतात. म्हणून वायर बदलून, जाणत्या कारागिराकडून गळती तपासून घेतल्याखेरीज यंत्राला वीज दाखवूं नये. पाणी खुणेपर्यंतच भरावें. त्यांत साबण घालूं नये, आणि साबणानें धुतलेल्या गालिच्यावरून तें फिरवितांनाही जपावें. फेंस वर चढला कीं सेपरेटर त्याला अडवूं शकत नाहीं आणि मोटारीचे बेअरिंग गंजतात. सेपरेटरच्या फटींत चिखल बसला तर त्याचा तोल जातो, यंत्र थरथरतें. म्हणून तो वरचेवर ब्रशनें साफ करावा. मोटारींतील कार्बनचे तुकडे झिजतात, ते वेळींच बदलावे.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे काम संपतांच भांडें रिकामें करून, धुवून, वाळवून ठेवावें. रात्रभर राहिलेल्या त्या पाण्याला दुर्गंधि सुटते, धातूचें भांडें खराब होतें, आणि तळाचा गाळ चिकटून बसतो. ओलाव्याचा आणखीही एक धोका आहे. १९६४ सालीं नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनीं असें दाखविलें, कीं घरांतल्या धुळीमुळें जो दमा उठतो त्याचें एक मोठें कारण त्या धुळींत राहणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कीटक हें आहे. हे कीटक दमट हवेंत पोसतात. तेव्हां केर काढल्यावर खोली उघडी ठेवून कोरडी होऊं देणें हाही स्वच्छतेचाच भाग आहे.

आतां आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे येऊं. असें यंत्र कोणी प्रेमानें कां जपावें? मला वाटतें, एका बाबतींत तें पिशवीच्या यंत्राहून अधिक सच्चें आहे म्हणून. पिशवींतील धूळ आपण महिनोन्‌महिने विसरून जातों. पाण्याचें यंत्र तशी सवड देत नाहीं. आपल्या घरांतील घाण दर वेळीं आपल्या हातांनीं उचलून, तिच्याकडे पाहून, बाहेर नेऊन टाकावी लागते. धूळ नाहींशी करणारें यंत्र जगांत अजून झालें नाहीं. ती एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतां येते, एवढेंच. कोठें नेली, याचा जाब तें काळें पाणी विचारतें.

परंतु साक्षीदार सच्चा असला तरी त्याला ठाऊक असेल तेवढेंच तो सांगतो. काळें पाणी पकडलेल्या धुळीची साक्ष देतें; निसटलेल्या धुळीची देत नाहीं. पहिलीवरून आपण दुसरीविषयीं निश्चिंत झालों, कीं फसलों. म्हणून ज्याला हें जुनें यंत्र वापरावयाचें असेल त्यानें तें खुशाल वापरावें, आवडीनें राखावें. मात्र भांडें रिकामें करून झाल्यावर क्षणभर दार लोटून घ्यावें, आणि फटींतून येणाऱ्या कवडशाकडे एकदां पाहावें.